एम-सील लावलेला स्नोबोर्ड

गुलमर्गच्या बेबी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या बर्फाळ उतारावर, माझ्या प्रशिक्षकाने माझा स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय अडकवून बर्फावरून घसरायची फळी, उलटा केला, तळावरचं मोठं काळं स्टिकर नखाने उचकटलं आणि खालचा राखाडी लगदा टोकरून पाहिला. "मॅडम, ये तो एम-सील है."

मोरीचा पाइप गळायला लागला की बाबा जे लावतात, तेच. लगद्यावर काळा स्प्रे मारलेला, त्यावर स्टिकर आणि वरून मेण चोपडलेलं. वाटाण्याएवढा तुकडा निघाला आणि आत बोर्डचं ओलं लाकूड दिसलं. या वस्तूचे मी 26,000 रुपये मोजले होते.

दहा वर्षं सह्याद्रीत भटकते आहे. बूट, सॅक, दोर यांतलं मला कळतं, त्यामुळे स्नोबोर्डमधलंही कळेल असा एक फाजील विश्वास होता. शिवाय 'भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आपलं स्वतःचं असावं' हा घरातला जुना संस्कार. फेब्रुवारीत सुट्टी मंजूर झाली होती आणि जानेवारीत ऑनलाइन जाहिरात दिसली: बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) आणि बूट, एकच सीझन वापरलेला सेट, मालक कॅनडाला चाललाय म्हणून विकायचाय. नवा सेट याच्या दुपटीच्याही वर गेला असता. फोन केला तर समोर अस्सल मराठी बोलणारा, पहिल्या वाक्यापासून 'ताई, ताई'. तिथेच मी निम्मी विकत घेतली गेले.

त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तरात चिमूटभर खरं होतं. म्हणून तर ते पचलं.

बोर्ड 158 सेंटिमीटरचा, माझी उंची पाच फूट तीन इंच. लांब नाही का होणार, असं विचारलं. "लांब बोर्ड स्थिर असतो ताई, शिकणाऱ्याला बरा." स्थिर असतो, पण वेगात. शिकणाऱ्याकडे वेग नसतोच. त्याला वळायचं आणि थांबायचं असतं. लांबी ठरते ती मुख्यतः वजनावरून. माझं वजन 58 किलो. कंपन्या प्रत्येक बोर्डबरोबर वजनाचा तक्ता देतात, तो मी पाच मिनिटं काढून पाहिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

बूट दीड नंबर मोठे. "बर्फात दोन-दोन मोजे घालावे लागतात, मोठेच घ्या." हे तर इतकं पटलं की मी आईला फोन करून लोकरीचे मोजे मागवले. खरं म्हणजे मोजा एकच घालायचा, आणि बूट असा हवा की गुडघे वाकवले तरी टाच उचलली जाऊ नये. टाच आत उचलली गेली की तुम्ही पायाने सांगता ते बोर्डपर्यंत पोचतच नाही. पहिल्या दिवशी मी चाळीसेक वेळा पडले. त्यातलं निदान अर्धं पडणं त्या बुटांच्या नावावर आहे.

बाइंडिंग मात्र त्याने काढून पाठवली. "कुरिअरमध्ये तुटतात, तिथं कुणीही बसवून देईल." ती बसणारच नव्हती. बोर्डवर भोकं चार-चारच्या मांडणीची आणि बाइंडिंगची चकती जुन्या पद्धतीची, तीन भोकांची. म्हणजे दोन वेगवेगळ्या भंगारांचा एक 'सेट'. गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानातल्या काकांनी चकती बोर्डवर ठेवली, फिरवून पाहिली आणि काही न बोलता मागच्या फळीवरून स्वतःची बाइंडिंग काढून लावून दिली. त्या न बोलण्याची मला जास्त लाज वाटली.

पैसे आधी 5,000 टोकन, मग कुरिअर करण्यापूर्वी उरलेले 21,000. पार्सल पोचलं विमानाच्या दोन दिवस आधी. आता वाटतं, तो उशीरही ठरवूनच केला असेल, कारण माझी तारीख मीच त्याला सांगितली होती. उघडलं, चकचकीत दिसलं, हॉलमध्ये बोर्डवर उभं राहून फोटो काढला. विमानाला सामानाच्या जादा वजनाचे पैसे भरले ते वेगळेच.

तळावरचं स्टिकर मला फोटोत दिसलं होतं. स्टाइल वाटली होती! अहो, तळ हा घसरायचा भाग. तिथं स्टिकर लावणं म्हणजे इस्त्रीच्या तळाला स्टिकर लावणं. हौशी लोक स्टिकर लावतात ते वरच्या बाजूला. आणि तळाचं प्लास्टिक असं गुळगुळीत असतं की त्याला एम-सील धरून राहत नाही. बोर्ड वाकला की ते सुटतं आणि पाणी आत शिरून लाकूड फुगतं. अशी भेग त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरतात. वापरलेला बोर्ड घेणारच असाल तर व्हिडिओ कॉलवर तळ उजेडात तिरका धरायला लावा आणि लोखंडी कडेवरून सगळीकडे बोट फिरवायला सांगा. माझ्या विक्रेत्याला व्हिडिओ कॉलसाठी कधीच वेळ नव्हता, "व्हिसाची गडबड" होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं भाड्याने घेतलं. प्रशिक्षकाने मला उभं करून मागून हलकेच ढकललं आणि कुठला पाय पुढे पडतो ते पाहिलं. उजवा. म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून उभं राहायचं, याला 'गूफी' म्हणतात. हा प्रश्न विक्रेत्याने विचारलाच नव्हता. 144 चा लवचीक बोर्ड, माझ्या मापाचे बूट, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. पडताना आपण हात टेकतो आणि नवशिक्यांची मनगटंच आधी जातात. तिसऱ्या दिवशी बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर डावीकडून उजवीकडे, झाडाचं पान गळतं तशी, न पडता खाली आले. गुलमर्गमध्येच केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, कोर्सबरोबर साहित्यही देते, हेही तिथं गेल्यावरच कळलं.

परत आल्यावर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. चौकीत विचारलं, "वस्तू मिळाली ना तुम्हाला?" मिळाली, हे खरंच. चॅट, पावत्या आणि टोकरलेल्या एम-सीलचे फोटो देऊन आले. त्याचा नंबर बंद आहे.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, मागे तीच निळी सतरंजी, नाव वेगळं, किंमत 24,000. माझा बोर्ड तर माझ्या माळ्यावर आहे. जाहिरात रिपोर्ट केली, आज सकाळपर्यंत ती तिथंच होती.