जुन्या ट्रकच्या ॲक्सलसाठी किंग पिन किट: पिना उत्तम, डब्यावरचा दावा खोटा

दोन किंग पिना (पुढचं चाक ज्या उभ्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं ती), चार बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या), दोन थ्रस्ट बेअरिंग, दोन कॉटर (पिन बीममध्ये पक्की धरणाऱ्या पाचरी), शिमची (फट भरायच्या पातळ चकत्यांची) पुडी, वरखालची झाकणं, रबरी सील आणि ग्रीस निपल. डब्यात एवढं येतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा हा माल नाही, बाजारात मिळणारं दुसऱ्याचं किट आहे. माझ्या जुन्या ट्रकच्या पुढच्या आय-बीम ॲक्सलला (दोन्ही पुढची चाकं ज्याच्या टोकांना असतात तो आडवा दांडा) ते बसवलं. त्यानंतर गाडी भरलेलीही भरपूर चालली आणि रिकामीही, म्हणून आता मत लिहायला हरकत नाही.

गाडीची तक्रार अशी होती. रिकामी असताना वेग पन्नाशीच्या पुढे गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं, की स्टेअरिंग हातात थडथडायला लागायचं. वेग पार उतरवल्याशिवाय ते थांबायचं नाही. पुढचे दोन्ही टायर गोल झिजण्याऐवजी मध्येमध्ये चट्टे पडल्यासारखे झिजले होते. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, ॲक्सल गेला, अख्खा बदला. बीम, दोन्ही स्टब (पिनेवर वळणारे, चाक धरणारे तुकडे), हब, सगळं! मला हे पटेना. बीम म्हणजे घडीव पोलादाचा तुकडा. तो वाकतो किंवा त्याचा डोळा (टोकाचं, पिन बसायचं भोक) झिजतो, पण त्याच्या कितीतरी आधी झिजतात त्या पिना आणि बुश, आणि ते बदलायचेच भाग आहेत.

किटवर पैसे घालण्याआधी एक तपासणी मात्र करा, ती फुकट आहे. बीमखाली जॅक लावून चाक उचला, वरखाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर दोष हबच्या बेअरिंगचा, तिथे हे किट काहीच कामाचं नाही. ब्रेक दाबूनही चाक डुलत असेल तर किंग पिन. माझ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर काडीचा फरक पडला नाही. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचललं तेव्हा स्टब आणि बीम यांच्यामधली फट उघडमीट करताना डोळ्यांना दिसत होती.

जुन्या पिना काढणं हा सगळ्या कामातला कंटाळवाणा भाग. कॉटर निघाले, पिना हलेनात. अशा वेळी गॅसची ज्योत बीमच्या टोकावर धरायची सवय पुष्कळांना आहे. मी ती धरू दिली नाही. हा भाग उष्णतेचे संस्कार करून कणखर केलेला असतो, तो लाल केला की ती कणखरता जाते, आणि बाहेरून बघून कळतही नाही. गंज सोडवणारं तेल, रात्रभर थांबणं आणि हायड्रॉलिक प्रेसची फ्रेम, यांनी काम झालं. डाव्या बाजूच्या खालच्या बुशला ग्रीस पोचतच नव्हतं. त्याचं भोक वाळलेल्या, दगडासारख्या झालेल्या ग्रीसने बुजलं होतं. त्या बाजूची पिन खालच्या अंगाला सर्वांत जास्त, जवळजवळ ०.४ मिमी झिजलेली निघाली.

आता किटचे भाग एकेक.

पिना मनापासून आवडल्या. मायक्रोमीटर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा फिरवून लावला. दोन्ही पिना एका शतांश मिलिमीटरच्या आत एकसारख्या. कानशीचं टोक फिरवून पाहिलं तर कानस नुसती सरकली, ओरखडा उठला नाही. कॉटर बसण्यासाठी जो सपाट खाचा असतो त्याची धार मात्र तशीच सोडलेली होती. ती तेलदगडावर मारून घ्या, नाहीतर पिन आत जाताना नव्या बुशला चरा पडेल.

याच नव्या पिनेने बीमची परीक्षाही होते. बीमचा डोळा स्वच्छ करून त्यात पिन घाला. हाताने किंवा हलक्या ठोक्याने ती सरकत गेली आणि आत गेल्यावर जराही डुलली नाही, तर बीम ठणठणीत आहे. डुलत असेल तर डोळा अंडाकृती झालाय. मग नेहमीच्या मापाचं कुठलंही किट घालून उपयोग नाही. जाड मापाची पिन घालण्यासाठी डोळा बोअर करायचा, स्लीव्ह घालायची, नाहीतर बीमच बदलायचा, आणि यातलं काय चालेल ते गाडी बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये पाहायचं. वेल्डिंगने डोळा भरून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. माझ्या बीममध्ये पिन दोन्ही बाजूंना घट्ट आणि सरळ बसली. अख्खा ॲक्सल बदलण्याचा सल्ला तिथेच निकालात निघाला.

बुश पोलादी पाठीचे, आत ब्राँझचा थर. माल चांगला आहे. पण डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘रीमिंगची गरज नाही’ (रीमिंग म्हणजे बुश आतून कापून पिनेच्या नेमक्या मापाला आणणं). हे साफ खोटं. प्रेसने स्टबमध्ये दाबला की असा बुश आतून किंचित आवळतो, हे लेथवर बसणाऱ्या कुठल्याही टर्नरला ठाऊक असतं. चारांपैकी एकातही पिन शिरली नाही. डब्यावर विश्वास ठेवून कोणी ती हातोड्याने ठोकून बसवली, तर स्टेअरिंग इतकं जड होईल की वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ यायची नाहीत आणि गाडी सरळ रस्त्यावरही भरकटत राहील. हे वाक्य छापणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने स्टब जोडून पाहावा.

रीमिंग कसं होतं याला बुशच्या दर्जापेक्षा जास्त महत्त्व आहे, असं माझं मत झालंय. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत आले पाहिजेत. त्यासाठी लांब दांड्याचा रीमर लागतो. त्याचा पुढचा गुळगुळीत भाग, म्हणजे पायलट, एका बुशमध्ये टेकतो आणि धार दुसऱ्याला कापते. आखूड रीमरने दोन्ही वेगवेगळे कापले तर मापं बरोबर येतील, पण भोकं एकमेकांना तिरकी जातील आणि पिन कडांवर घासत राहील. तुमच्या टर्नरकडे पायलटचा रीमर आहे का, हे काम देण्याआधी विचारा. माझ्या टर्नरने एकेका फेऱ्याला पिन घालून बघत कापलं. शेवटी पिन ग्रीस लावून अंगठ्याच्या दाबाने आत गेली आणि हलवली तर टकटक नाही. बुश दाबतानाच त्याचं भोक स्टबच्या ग्रीसच्या भोकासमोर आणायचं असतं, मी आधी पेन्सिलने खूण करून घेतली होती. ते चुकलं तर नवा बुशही डावीकडच्या जुन्यासारखाच कोरडा मरेल.

थ्रस्ट बेअरिंगबद्दल तक्रार नाही. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन यांच्यावरच येतं. बीमचा डोळा आणि स्टबचा खालचा कान यांच्यामध्ये ती बसतात. झाकलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे चिखलपाणी आत उतरत नाही.

बाकीचा किरकोळ माल पाहून वाईट वाटतं. एवढ्या चांगल्या पिनांबरोबर असले नट? कॉटरचे नट आट्यांवर सैल फिरत होते. मी ते फेकले आणि वेगळे लॉकनट घेतले. शिम पातळ आणि मध्यम आल्या, जाड आलीच नाही, त्यामुळे उजवीकडे दोन शिम एकावर एक घालाव्या लागल्या. निपल सगळे सरळ. खालच्या जागी ग्रीस गनचं तोंड जायला काटकोनी निपल लागतो, तिथे जुनेच साफ करून लावले.

जोडणी झाल्यावर टाय रॉड (दोन्ही स्टब एकमेकांना जोडणारा दांडा) सुटा असताना दोन्ही स्टब हाताने फिरवून पाहिले. हलका, सारखा विरोध, कुठे अडकणं नाही. मग टाय रॉड जोडून टो-इन (पुढची चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली असावीत ते माप) लावून घेतला. बीम ॲक्सलवर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (पिनेचा मागे-पुढे कल) पाना फिरवून बदलत नाहीत, टो-इनच तेवढा आपल्या हातात असतो.

थडथड पूर्ण गेली, तीही त्याच जुन्या चट्टे पडलेल्या टायरांवर. टायर नंतर बदलले. गाडी मात्र डावीकडे ओढतच राहिली. त्याचं खापर किटवर फोडू नका. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं तर डावीकडे ते कमी भरलं. स्प्रिंगच्या पाट्यांचा, बीमला जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटून त्या बाजूचा बीम मागे सरकला होता. सेंटर बोल्ट आणि बीमला पाट्यांशी आवळणारे यू बोल्ट नवे घातले (सुटलेले यू बोल्ट परत आवळून वापरायचे नसतात, ते ताणले गेलेले असतात), थोडं चालवून पुन्हा आवळले आणि ओढ थांबली.

ग्रीस भरताना मी चाक जॅकवर उचलूनच घेतो. वजन खाली असेल तर थ्रस्ट बेअरिंगच्या दाबाखालच्या बाजूला ग्रीस शिरत नाही. नवं ग्रीस बेअरिंगच्या कडेने बाहेर डोकावेपर्यंत गन मारायची. परवा त्याच वेळी टॉमी लावून पाहिलं, दोन्ही बाजू घट्ट आहेत.

पाचपैकी चार तारे. एक तारा डब्यावरच्या त्या ओळीसाठी कापला. नट आणि निपल यांचाही कापायला हवा होता, पण पिनांनी वाचवलं. पुन्हा गरज पडली तर हेच किट घेईन, फक्त लॉकनट, काटकोनी निपल आणि एक जाड शिम वेगळी घेऊन ठेवेन. उजवीकडचं वरचं झाकण एकदा चालत्या गाडीतून निखळून पडलं. तिथे आता जुन्या पिनेवरचं झाकण ठोकून बसवलंय आणि ते जागचं हललेलं नाही.