हार्ट रेट झोन कशावरून ठरवायचे: वय, कार्व्होनेन की थ्रेशोल्ड टेस्ट?

नव्या घड्याळात वय टाकलं की पाच झोन, म्हणजे व्यायामाच्या जोरानुसार मिनिटाला पडणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांचे पाच टप्पे, तयार मिळतात. बरेच जण तेच आकडे धरून पळतात आणि सायकलवरही तेच वापरतात. माझं मत असं की दोन्हींचे झोन वेगळे हवेत आणि ते नुसत्या वयावरून काढू नयेत.

वयाचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे: २२० वजा वय. चाळिशीतल्या माणसाचे कमाल ठोके १८०. पण ही सरासरी झाली. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरकही सहज असू शकतो. तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २०८ वजा वयाची ०.७ पट असं सूत्र मांडलं. चाळिशीत त्याचंही उत्तर १८०च, साठीत मात्र १६० ऐवजी १६६. साठीच्या आसपास असाल तर हे बरं, पण तेही सरासरीच.

कार्व्होनेन पद्धत, मूळ १९५७ सालची, तुमचे विश्रांतीचे ठोकेही हिशेबात घेते. कमाल १८० आणि सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेले ६०, म्हणजे हाताशी १२० ठोके. त्याचे ६० ते ७० टक्के काढून त्यात ६० मिळवा: झोन टू, म्हणजे निवांत सरावाचा दुसरा टप्पा, १३२ ते १४४. तेच टक्के थेट १८० वर लावले तर येतात १०८ ते १२६. केवढा फरक! १०८ ला बहुतेकांना पळताच येत नाही, चालावं लागतं. ‘झोन टूमध्ये राहूच शकत नाही’ म्हणून हिरमुसलेले अनेक नवे रनर खरं तर या टक्केवारीमुळे अडकलेले असतात.

तिसरी पद्धत थ्रेशोल्ड टेस्टची. थ्रेशोल्ड म्हणजे ज्याच्या वर जोर लावला की फार वेळ टिकता येत नाही ती मर्यादा. प्रशिक्षक जो फ्रील यांची रीत सोपी आहे: नीट वॉर्म-अप करून एकट्याने ३० मिनिटं, टिकेल एवढ्या पूर्ण जोराने जायचं आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी घ्यायची. हे तुमचे थ्रेशोल्डचे ठोके. त्यांच्या कोष्टकात पळण्याचा झोन टू याच्या ८५ ते ८९ टक्के आहे, सायकलचा ८१ ते ८९. पळताना थ्रेशोल्ड १६० आला तर झोन टू साधारण १३६ ते १४२. सायकलवर त्याच माणसाचा थ्रेशोल्ड १५२ आला तर १२३ ते १३५. म्हणजे पळण्याचे आकडे सायकलवर लावले, तर निवांत म्हणून काढलेली राइड झोन टूच्या पार वर जाते.

असा फरक पडतो कारण सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते आणि एकूण कमी स्नायू कामाला लागतात. बहुतेकांचे ठोके पळण्यापेक्षा पाच-दहाने कमी राहतात. मुरलेल्या सायकलपटूंमध्ये हे अंतर कमी दिसतं. टेस्टसाठी सायकलला सिंहगडासारखा सलग चढ उत्तम, तोही वर्दळ सुरू होण्याआधी. पळायला सपाट, सिग्नल नसलेला रस्ता किंवा ट्रॅक.

ठोके मोजायला चेस्ट स्ट्रॅपच, म्हणजे छातीवर बांधायचा सेन्सरचा पट्टाच, घ्या. मनगटावरचा सेन्सर पळताना कधी कधी पावलांची लयच ठोके म्हणून दाखवतो, आणि खडबडीत रस्त्यावर हँडल घट्ट धरलं की गडबडतो.

निवड कशी करायची? पहिले काही महिने कार्व्होनेन पुरे, जोडीला बोलून बघण्याची कसोटी: झोन टूमध्ये पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. नियमित सराव झाला की थ्रेशोल्ड टेस्ट, दोन्ही खेळांची वेगळी आणि दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने. फक्त सायकलच चालवत असाल आणि पॉवर मीटर (पेडलवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) परवडत असेल, तर जोरकस इंटरव्हलला, म्हणजे मध्ये विश्रांती घेत केलेल्या छोट्या जोरदार टप्प्यांना, वॅट बघा, कारण ठोके वर चढायला वेळ घेतात. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके वाढत जातात. तेव्हा वेग सोडा, झोन पाळा.

चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर टेस्टआधी डॉक्टरांना भेटाच. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) चालू असतील तर ठोके मुळातच दबलेले असतात. अशांनी या तिन्ही पद्धती बाजूला ठेवून बोलण्याची कसोटी वापरावी आणि जोर किती लावायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.