गणिताचं ॲप: पातळी यंत्राने ठरवायची की शिक्षकाने?

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचं गणिताचं जवळपास प्रत्येक ॲप 'मुलाच्या गतीने' शिकवण्याचा दावा करतं. त्यात दोन अगदी वेगळे प्रकार येतात. एकात प्रत्येक उत्तरानंतर ॲपच पुढचं गणित निवडतं. दुसऱ्यात शिक्षक किंवा पालक मुलाला सराव नेमून देतात आणि ॲप फक्त तपासतं, नोंद ठेवतं.

पहिल्या प्रकाराचं चांगलं उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधलं 'मॅथ गार्डन'. बुद्धिबळपटूंच्या इलो गुणांकनासारखे इथे मुलालाही गुण असतात आणि गणितालाही. उत्तर बरोबर आलं की मुलाचे गुण वाढतात, गणिताचे घटतात, आणि लागलेला वेळही हिशेबात धरला जातो. चारपैकी साधारण तीन गणितं सुटतील अशी पातळी धरली, तर मूल कंटाळतही नाही आणि रडकुंडीलाही येत नाही. वीसपर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या किंवा पाढे पक्के करायला याच्या तोडीचं काम तीस मुलांच्या वर्गात हाताने होत नाही.

हातच्याच्या वजाबाकीत मात्र हेच यंत्र फसतं. समजा, मुलाने ५२ − ३८ चं उत्तर २६ लिहिलं. प्रत्येक घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ८ मधून २ आणि ५ मधून ३. ॲपला फक्त 'चूक' दिसते, म्हणून ते सोपं गणित देतं, समजा ४७ − २३. ते बरोबर येतं, कारण तिथे हातच्याची गरजच नाही. गुण पुन्हा चढतात, गैरसमज जागच्या जागी राहतो.

नेमून देण्याच्या प्रकारात हे पकडता येतं, पण एका अटीवर: अहवालात मुलाने टाईप केलेलं नेमकं उत्तर दिसायला हवं. नुसती टक्केवारी असेल तर दोन्ही प्रकार सारखेच आंधळे. ६० − २४ घ्या. उत्तर ४४ आलं तर दोष वरचाच. ४० आलं तर 'शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच' अशी समजूत आहे. दोन चुका, दोन वेगळे उपाय. उपाय बहुतेक वेळा स्क्रीनबाहेर असतो: ५२ साठी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, आठ काढायला सांगायच्या, मग मूल स्वतः एक गठ्ठा सोडवून चार गठ्ठे आणि बारा सुट्या करतं. त्यानंतर तेच गणित ॲपवर.

नेमून देण्याची किंमत वेळात मोजावी लागते. तीस मुलांना दोन-दोन मिनिटं म्हटलं तरी एक तास. म्हणून चूक कोणत्या प्रकारची आहे त्यानुसार मुलांचे तीन-चार गट करावेत, गुणांनुसार नव्हे.

कोणताही प्रकार घ्या, काही गोष्टी आधी तपासा. उत्तर आकडे टाईप करून द्यायचं असावं; तीन पर्याय असतील तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही दहात सरासरी तीन गणितं बरोबर मिळतात. सूचना ऐकू याव्यात, नाहीतर शाब्दिक उदाहरणातली चूक गणिताची की वाचनाची हे कळणार नाही. मराठी आवाज असेल तर 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणारी मुलं भेटतील, कारण उच्चारात एकक आधी येतो. अशा मुलाची पातळी उगाच खाली जाते. ॲपमधलं वेळ मोजणारं घड्याळ बंद करता यायला हवं. आणि एका टॅबवर भावंडं असतील तर प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. ताईने दहा मिनिटं खेळून दिलं की धाकट्यापुढे दुसऱ्या दिवशी न झेपणारी गणितं येतात.

आमचा कल असा: पाठांतर-सरावाला आपोआप पातळी बदलणारं ॲप, आठवड्यात तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं. स्थानिक किंमत, हातचा, '=' चा अर्थ (७ + □ = १० मध्ये १७ भरणारी मुलं पुष्कळ) यासाठी नेमून दिलेला सराव. एकच घेता येणार असेल आणि अहवाल वाचायला कोणी नसेल, तर पहिला घ्या. न वाचलेला अहवाल असून नसून सारखाच.

विकत घेण्याआधी दोन आठवडे वापरून पाहा. सुरुवातीला आणि शेवटी कागदावर हीच पाच गणितं द्या: ८ + ५, ७ + □ = १०, ४७ − २३, ५२ − ३८, ६० − २४. ॲपमधले तारे कितीही वाढलेले असोत, कागदावर पुन्हा २६ आलं तर पुढचे पैसे भरू नका.