नखुरडे आणि नौपाड्यातील एक त्वचारोग दवाखाना

माझ्या आईचा ठाण्यात पोळी-भाजीचा व्यवसाय आहे. पहाटेपासून तिचे हात पिठात, पाण्यात आणि भांड्यांच्या साबणात असतात. तिच्या दोन बोटांच्या नखांभोवतीची कातडी चार महिने सुजलेली होती. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून ठेवण्याचा उपाय झाला, औषधाच्या दुकानातून बुरशीवरचे मलमही आणले. उतार पडेना, तेव्हा तिला नौपाड्यातील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी तिच्या कामाची आणि मधुमेहाची चौकशी केली, मग भिंगातून बोटे पाहिली. अचानक उठणारे, ठणकणारे आणि पू धरणारे नखुरडे बहुधा स्टॅफिलोकोकस जिवाणूंमुळे होते. नखे कुरतडल्याने किंवा कडेची साल ओढल्याने त्यांना वाट मिळते, आणि पू साचला तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळणारे दुखणे मात्र वेगळे असते. सततच्या पाण्या-साबणाने नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ त्वचा निघून जाते, तिथे फट पडते, त्या फटीत ओल राहते आणि त्वचेचा दाह थांबत नाही. कँडिडा ही बुरशी तिथे सापडली तरी ती बहुतेक वेळा मूळ कारण नसते. म्हणूनच त्यांनी बुरशीवरचे मलम बंद करून दाह कमी करणारे स्टेरॉइडचे मलम ठरावीक दिवसांसाठी दिले, लिंबू वर्ज्य केले, आणि भांडी घासताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालायला सांगितले. चार महिने आम्ही चुकीच्या शत्रूशी लढत होतो, हे मला तिथे उमगले.

उणिवाही आहेत. सहाची वेळ घेऊन आम्हाला सव्वासातला आत बोलावले, दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत आहे. इतके नीट मराठीत समजावणाऱ्या दवाखान्यात तो कागद मराठीत असायलाच हवा. मी तसे स्वागतकक्षात सांगितले आहे.

दोन महिन्यांत सूज गेली. नखांवरच्या आडव्या रेघा अजून दिसतात, कारण हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटरच वाढते. पुढच्या आठवड्यात बाबांच्या अंगठ्याचे मांसात रुतलेले नख दाखवायला आम्ही तिथेच जाणार आहोत.