व्यसनमुक्ती केंद्र निवडताना: बाहेरचं कोण आत येऊन बघतं?

घरातल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दारू सोडवायला ठेवायचं म्हटलं की दोन प्रश्न निघतात: महिन्याला किती, आणि सुटेल ना? बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तिसराही निघतो, इकडेच ठेवायचं की कोल्हापूर-मिरजेला? माझ्या मते या सगळ्याआधी एक विचारावं. केंद्राशी ज्याचं काही देणंघेणं नाही, असा कुणी आत जाऊन पेशंटशी एकट्याने बोलू शकतो का?

आधी खासगी केंद्रं, कारण फसगत तिथेच जास्त. फोनवरचं बोलणं साधारण असं असतं: ‘वहिनी, काळजी करू नका. रात्री गाडी पाठवतो, पोरं उचलून आणतील. तुम्ही आधार कार्ड आणि सही तेवढी द्या. महिनाभर भेटायला मात्र यायचं नाही.’ रोजच्या मारझोडीला विटलेल्या बाईला हे ऐकून हायसं वाटतं, तिला कोण नावं ठेवणार? पण या बोलण्यात डॉक्टर कुठेच नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बडबड, ताप सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर जीवही जातो. कुलूप लावलेल्या खोलीत ‘नाटक करतोय’ म्हणून हेच सोडून दिलं जातं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणून अशा पेशंटना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नुसत्या बायकोच्या सहीवर कुणाला डांबता येत नाही. दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे, किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकंही भान नाही, असं त्यांना आढळावं लागतं. एवढं झालं तरी मुदत ३० दिवसांपर्यंतच. भरतीची खबर ७ दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, भरती रास्त आहे का हे तपासणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची. पुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी लागते. साखळीने बांधायला आणि जबरदस्तीने टक्कल करायला कायद्याने बंदी आहे.

हे मंडळ म्हणजेच बाहेरचा डोळा. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाचे, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि आजार भोगलेले, सांभाळणारे किंवा संस्थांचे मिळून दोन सदस्य. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून मंजुरी दिलेली नाही. त्यामुळे त्याच्या २००२ च्या पुरवणी करारातली, कोंडून ठेवलेल्या जागा नियमित जाऊन पाहणारी स्वतंत्र यंत्रणा आपल्याला लागू नाही. भिस्त मंडळावरच, आणि मंडळाला केंद्राचं नावच माहीत नसेल तर ते येणार कसं? नोंदणीचा कागद बघायचा तो याचसाठी.

दुसरा पर्याय सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, म्हणजे बेळगावात बिम्स (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा धारवाडचं डिमहान्स (सरकारी मानसिक आरोग्य संस्था). फिट आली तर डॉक्टर तिथेच, कागदही रीतसर. गैरसोय म्हणजे गर्दी, सोबत घरचा माणूस थांबवावा लागतो, आणि ‘सहा महिने ठेवून घ्या’ हे कुणी ऐकत नाही. शेवटची गोष्ट मला तरी फायद्याचीच वाटते.

तिसरा पर्याय, केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर संस्था चालवतात ती केंद्रं. ती मोफत असतात. पत्ता १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. तिथे तपासणीला येतो तो पैसे देणारा, त्याची नजर हिशेबावर आणि हजेरीवर. माणूस स्वतःहून जायला तयार असेल तर मी हेच सुचवेन.

आता इकडे की तिकडे. केंद्र ज्या राज्यात, मंडळ त्याच राज्याचं. कोल्हापूरला ठेवलंत तर तक्रार महाराष्ट्रात करायची. तिकडे समुपदेशन मराठीत होतं, ही मोठीच सोय, कारण मनातलं दुखणं परक्या भाषेत निघत नाही. इकडे फॉर्म कन्नडमध्ये पुढे येतो आणि आई मुकाट अंगठा उठवते. पण उपचाराची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. सगळं मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. तरीही निवड करायचीच झाली तर मी जवळचं केंद्र निवडेन. दर आठवड्याला एसटीने जाऊन पाठीवरचे वळ बघू शकणारी बहीण कधीतरी येणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त कामाची. आणि भेट-फोन पूर्ण बंद ठेवणाऱ्या केंद्रात तर ठेवूच नका, वाजवी वेळी भेटणं हा पेशंटचा हक्क आहे.

कुणी आधीच आत असेल तर तो स्वतः किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (कायद्याने त्याच्या वतीने बोलणारा माणूस) मंडळाकडे अर्ज करू शकतो. जबरदस्तीच्या भरतीवरचा अर्ज ७ दिवसांत निकाली काढायचा असतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, फोन १५१००.