गोड्या मसाल्यातले दगडफूल: तीन ठिकाणचा माल, एकच तवा

होळी झाली आणि ऊन तापू लागले की आमच्या घरी वर्षभराचा गोडा मसाला होतो. अर्धा किलो धण्यांना २५ ग्रॅम दगडफूल हे सासूबाईंनी घालून दिलेले प्रमाण मी आजवर बदललेले नाही. यंदा मात्र पहिल्याच आमटीला काहीतरी कमी पडल्यासारखे वाटले. धण्या-खोबऱ्याचा खमंगपणा जागेवर होता, पण त्याच्या मागून हळूच येणारा, पावसात भिजलेल्या लाकडावर ऊन पडल्यावर येतो तसा खोल वास आलाच नाही. बाकीचे सगळे जिन्नस नेहमीच्या दुकानातले होते. दगडफूल तेवढे मी घाईगडबडीत ऑनलाइन मागवले होते. म्हणून मी आणखी दोन ठिकाणांहून दगडफूल आणले, तिन्ही नमुने पांढऱ्या कागदावर पसरले, भिंगातून पाहिले, पाण्यात भिजवले आणि तव्यावर परतून पाहिले. त्या तिन्ही मालांचे हे परीक्षण आहे.

माल पारखायचा तर मुळात तो काय आहे हे ठाऊक असावे लागते. दगडफूल हे फूल नव्हे. ते शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि हिरवे शैवल यांनी मिळून थाटलेला संसार. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते आणि शैवल उन्हावर अन्न तयार करते. हे एक झाड नसून दोन जीवांची जोडी आहे, असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा त्या काळच्या अनेक जाणकारांना ते पटले नव्हते. आपल्याकडे आयुर्वेदात याला शैलेय म्हणतात, हिंदीत छडीला किंवा पत्थर का फूल, तमिळमध्ये कल्पासी. बाजारात येणाऱ्या मालात पार्मोट्रेमा या वंशातील जाती मुख्य असल्या, तरी एका जातीचे निखळ दगडफूल सहसा मिळत नाही. जंगलातून गोळा करताना शेजारच्या चार जाती त्यात येतातच. तेवढी सरमिसळ मी दोष मानत नाही. मात्र लांब दोऱ्यांसारखे, दाढीच्या केसांसारखे फिकट पोपटी धागे जास्त दिसले तर तो वेगळ्या वंशाचा माल असतो, आणि त्याला दगडफुलाचा तो वास नसतो.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. गडावर गेल्यावर तटाच्या दगडांवर राखी, पांढरट किंवा नारिंगी गोल डाग दिसतात आणि कुणीतरी हमखास सांगते की हेच मसाल्यातले दगडफूल. ते शैवाकच असते, पण खपलीसारखे. शैवाकांच्या ज्ञात जातींपैकी बहुसंख्य जाती अशाच खपलीच्या आहेत. त्यांना खालची साल नसते. बुरशीचे तंतू थेट दगडाच्या कणांत शिरलेले असतात, त्यामुळे दगडाचा कपचा निघाल्याखेरीज खपली निघत नाही. नखाने खरवडून पाहिले तर हाती फक्त भुकटी येते. दगडफूल मात्र पानाच्या आकाराचे असते, त्याला वरची आणि खालची अशा दोन स्वतंत्र साली असतात आणि ते कडेने मोकळे असते, म्हणूनच ते सोलून काढता येते आणि डब्यात भरता येते. खपलीच्या शैवाकांचा उपयोगच नाही असे नाही. स्कॉटलंडमध्ये ओक्रोलेकिया टार्टारिया ही खपली खडकावरून खरवडून, अमोनियात मुरवून तिच्यापासून जांभळा रंग काढत, आणि १७५८ मध्ये कथबर्ट गॉर्डन यांनी त्या कृतीचे पेटंटही घेतले होते. नकाशासारखी दिसणारी ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम ही पिवळी-हिरवी खपली तर वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही, आणि तिच्या रुंदीवरून हिमनदीने उघडा टाकलेला खडक किती जुना आहे याचा अंदाज बांधतात. २००५ मध्ये हीच जात युरोपीय अवकाश संस्थेने यानाबरोबर अवकाशात पाठवली. तेथे दोन आठवडे उघड्यावर राहून ती जिवंत परतली. पण ती मसाल्यात घालायची वस्तू नव्हे, आणि गडाच्या दगडांना हात लावायचे तर त्याहून कारण नाही. आपल्याकडील झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या अशा खपल्यांचा, विशेषतः अक्षरे कोरल्यासारख्या काळ्या रेघांच्या जातींचा, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी केलेला अभ्यास मोलाचा आहे. आपल्या शहरात हे काम झाले, याचा मला अभिमान वाटतो.

आता मालाकडे वळते. पहिला नमुना पुण्याच्या रविवार पेठेतील मसाल्याच्या एका जुन्या दुकानातून सुटा घेतला. ५० ग्रॅमला ६० रुपये पडले. पोते उघडेच होते, म्हणून मी मूठभर घेऊन वास घेऊ लागले, तेव्हा गल्ल्यावरचे काका म्हणाले, "वहिनी, याचा वास असा नाकाने कळायचा नाही, तो तव्यावरच कळतो. दोन पाकळ्या देतो, घरी परतून बघा, मग सांगा किती बांधू." त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. शैवाकातील खास आम्ले बुरशीच्या तंतूंवर स्फटिकांच्या रूपाने बसलेली असतात आणि थंड असताना त्यांचा गंध जेमतेम जाणवतो. उष्णता लागली की तो उमलतो. थंड दगडफुलालाच भपकारा येत असेल तर उलट शंका घ्यावी, कारण ते शेजारच्या लवंग-दालचिनीच्या पोत्याचा वास घेऊन बसलेले असते.

या नमुन्यातील पाकळ्या दोन बोटे रुंद होत्या, कडा पिठूळ आणि किंचित मुडपलेल्या, वरची बाजू राखाडी, खालची काळीभोर आणि अगदी कडेला तपकिरी. मधोमध फाडल्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला. एक पाकळी बशीत ठेवून तिच्यावर पाण्याचे चार थेंब सोडले आणि भिंगातून पाहत राहिले. मिनिटभरात राखाडी रंग मावळून त्याखालून मळकट हिरवा रंग वर आला. वरची साल भिजली की पारदर्शक होते आणि तिच्या आतला शैवलाचा थर दिसू लागतो. माल फार जुना असेल तर हा हिरवा रंग येत नाही, पाकळी नुसती तपकिरी पडते. माझ्या मते घरी करण्यासारखी याहून सोपी परीक्षा नाही, आणि तिन्ही मालांत फक्त हाच माल तिला नीट उतरला. निवडून झाल्यावर ५० ग्रॅमांतून ४ ग्रॅम कचरा निघाला, तोही बहुतेक झाडाच्या सालीचा. नावात दगड असला तरी बाजारातील पुष्कळसे दगडफूल झाडांवरून उतरवलेले असते, त्यामुळे थोडी साल निघणे साहजिकच आहे.

दुसरा नमुना एका मोठ्या साखळी दुकानातील बंद पाकीट, ५० ग्रॅमला ९५ रुपये. पाकीट स्वच्छ, त्यावर वजन, तारीख, साठवणीची सूचना असे सगळे छापलेले. पाकळ्या मात्र चुरलेल्या, नखाएवढ्या, आणि तळाशी बरीच भुकटी. पाण्याच्या परीक्षेत काही तुकडे हिरवे झाले, काही तसेच राहिले, म्हणजे जुना आणि नवा माल एकत्र केलेला असावा. कचरा ९ ग्रॅम निघाला आणि त्यात बारीक खडे होते, ते मला खटकले. खडा दळला गेला की वर्षभराचा मसाला कचकच लागतो. वास बरा होता, पण पहिल्याच्या तुलनेत उथळ. ज्यांना पेठेत जाणे शक्य नाही त्यांनी हे घ्यायला हरकत नाही, फक्त चाळणीतून दोनदा काढून घ्यावे.

तिसरा, म्हणजे ज्याने यंदाचा मसाला बिघडवला तो ऑनलाइन माल. १०० ग्रॅमला १९० रुपये दिले आणि त्यातून ३१ ग्रॅम साल, काड्या आणि ते दाढीसारखे धागे निघाले. उरलेला माल भिजवल्यावर तपकिरीच राहिला आणि तव्यावर त्याला जळक्या कागदासारखा वास आला. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. हे घेऊ नये.

तिन्ही नमुने परतताना पद्धत एकच ठेवली होती: लोखंडी तवा, मंद आच, पाव चमचा तेल, एका वेळी १० ग्रॅम. पहिल्या दुकानाचे दगडफूल साधारण दीड मिनिटात किंचित फुगले, कडा कुरकुरीत झाल्या आणि सुरुवातीला मातीचा, मग लाकडाचा, मग धुराच्या अंगाने जाणारा वास आला. स्वयंपाकघरातून तो बाहेरच्या खोलीत पोहोचला. कन्नौजच्या शमामा अत्तरात छडीला का घालतात ते त्या क्षणी उमगते. येथे एकच पथ्य आहे: दगडफूल धण्यांबरोबर परतू नये. धणे भाजून होईपर्यंत ते करपते आणि कडू होते. ते वेगळे, शेवटी, मंद आचेवरच परतावे.

किमतीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा माल कोठून येतो हा आहे, आणि तो कोणत्याही पाकिटावर छापलेला नव्हता. शैवाकाला मूळ नसते. पाणी, धूळ, वायू, जे काही त्याच्यावर पडते ते सारे अंगभर शोषून घेते. सल्फर डायऑक्साइडने भरलेल्या हवेत बहुतेक शैवाके तग धरत नाहीत आणि जी धरतात ती शिशासारखे जड धातू अंगात साठवतात, म्हणूनच शास्त्रज्ञ त्यांच्यावरून हवेची पारख करतात. त्याला लागतो तो मोकळा उजेड, धुके, अधूनमधून भिजणे आणि वाळणे, आणि निर्मळ हवा. महाबळेश्वरच्या झाडांवर ते दिसते, पण व्यापारातला मोठा माल हिमालयाच्या उतारांवरून येतो. कुमाऊँमध्ये बांज ओकच्या झाडांवरून ते उतरवतात आणि त्याला झूला म्हणतात. पेठेतल्या काकांना विचारले तेव्हा त्यांनी न अडखळता सांगितले की त्यांचा माल उत्तराखंडातून येतो. पाकिटे विकणाऱ्यांनी एवढी एक ओळ छापावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. दगडफुलाची शेती होत नाही. पानाच्या आकाराचे शैवाकही वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, म्हणजे तळहाताएवढी पाकळी बनायला कितीतरी पावसाळे जावे लागतात. ते ओरबाडून काढले की त्या फांदीवर पुन्हा कधी येईल हे त्या फांदीलाच माहीत. त्यामुळे स्वस्तात मिळते म्हणून किलोकिलोने घेऊन डब्यात जुने होऊ देणे मला पटत नाही. वर्षाला ५० ग्रॅम ही चौघांच्या घराला पुरून उरणारी चीज आहे.

साठवण्याविषयी एक गोष्ट अनुभवाने सांगते. शैवाकाला हवेतला दमटपणा ओढून घेण्याची उपजत सवय असते, आणि वाळवून डब्यात भरल्यावरही ती जात नाही. पावसाळ्यात उघडे राहिलेले दगडफूल एका रात्रीत सादळते आणि चामड्यासारखे मऊ पडते. तसे झाले तर फेकू नये. दोन दिवस कडक ऊन दाखवले की पुन्हा कडक होते. घट्ट झाकणाची काचेची बरणी उत्तम. पूड करून ठेवू नये आणि तयार पूड तर विकतच घेऊ नये, कारण वर ज्या खुणा सांगितल्या, काळी पालथी बाजू, पांढरा गाभा, भिजल्यावरचा हिरवा रंग, त्यांतली एकही पुडीत पाहता येत नाही.

यंदाचा मसाला मी फेकला नाही. पेठेतल्या दगडफुलातले २० ग्रॅम निवडून, परतून, थोड्या भाजलेल्या तिळांबरोबर दळले आणि आधीच्या मसाल्यात दोनदा चाळून मिसळले. तीन दिवस बरणी बंद ठेवली. चौथ्या दिवशी भरली वांगी केली, आणि झाकण काढल्याबरोबर सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "आता झाला गं मसाला."