आठ महिने वापरलेला लॅपटॉप, आणि त्याचा हरवलेला सिरियल नंबर

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी ठीक. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मी लिहितोय ते सिरियल नंबरच्या मनस्तापाबद्दल.

सहाव्या महिन्यात मदरबोर्ड (लॅपटॉपमधला मुख्य सर्किट बोर्ड) गेला. वॉरंटीत फुकट बदलून मिळाला, म्हणून मी चार जणांना हाच लॅपटॉप घ्या असं सांगितलंही. मग चार्जिंगची पिन ढिली झाली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, स्टिकरवरचा नंबर आणि मशीनमधला नंबर जुळत नाही. वॉरंटी लागणार नाही."

घरी येऊन मशीनमधला नंबर बघायला डब्ल्यूएमआयसी ही विंडोजची जुनी कमांड चालवली, तर कमांडच सापडेना. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून ती आपोआप येत नाही. मग पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीत गेट-सिमइन्स्टन्स ही कमांड वापरून विन३२_बायोसमधला, म्हणजे मशीनच्या बायोसमध्ये नोंदलेला, नंबर मागितला. उत्तर आलं: 'डिफॉल्ट स्ट्रिंग', म्हणजे नंबर भरलाच नसेल तर त्या जागी राहणारा ठोकळ मजकूर. विंडोजला मनसोक्त शिव्या घातल्या आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. तिथे हा नंबर फक्त रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) वाचता येतो, म्हणून सुडो लावून, म्हणजे ते अधिकार घेऊन, नंबर दाखवणारी डीएमआयडीकोड ही कमांड चालवली. पुन्हा 'डिफॉल्ट स्ट्रिंग'!

तेव्हा विंडोजवरचा राग मागे घेतला. दोन्ही सिस्टिम बिचाऱ्या फक्त वाचून दाखवतात. नंबर असतो बोर्डावरच्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपमध्ये, आणि तो तिथे कंपनीच्या टूलने लिहावा लागतो. माझ्या नव्या बोर्डावर तो कुणी लिहिलाच नव्हता. (बायकोच्या मॅकबुकवर आयओरेग या तिथल्या कमांडने सुडो न लावता लगेच नंबर दाखवला. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.)

बिलिंगचं सॉफ्टवेअर बोर्ड बदलल्यावर का बंद पडलं, तेही आता कळलं. त्याचं लायसन्स याच नंबरला बांधलेलं होतं. मी त्यांनाही फोनवर बरंच ऐकवलं होतं, ते उगाच. अर्थात, 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असलेली मशीन्स बाजारात ढिगाने आहेत, तेव्हा एवढ्या एका नंबरवर कुलूप लावणाऱ्यांचंही कौतुक नाही. एसएसडीचा (लॅपटॉपमधल्या स्टोरेज ड्राइव्हचा) स्वतःचा नंबर मात्र तोच राहिला, कारण तो ड्राइव्हच्या आत असतो. तीच एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घातली तर पुष्कळदा केसिंगचाच नंबर दिसतो, हे वेगळं.

बोर्ड बदलल्याची जॉबशीट (सर्व्हिस सेंटरने दिलेला कामाचा कागद) मी फेकली नव्हती. ती घेऊन गेलो, वरिष्ठाला गाठलं. त्याने पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटांत नंबर लिहून दिला. सॉरी कुणी म्हटलं नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रिक्षाभाड्याचा कापलाय. बोर्ड बदलून घेतलात तर काउंटरवरच नंबर उघडून दाखवायला लावा. पिनचा पार्ट अजून आलेला नाही.